एक पाइप कमी

बोअरचं पाणी खाली गेलं की घोडीवाल्याच्या दारात माणसं उभी राहायची. इतरांच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं आणि याला जेवायला उसंत नसायची. पावसाने डोळे वटारले की आपली चूल जोरात पेटते, ही गोष्ट त्याला मनातून बरी वाटत नसे. म्हणून अशा दिवसांत तो रस्त्याने मान खाली घालून चालायचा. कोणी 'काय, सुगी आहे ना तुझी?' असं हसत विचारलं, तरी त्याला तोंडात मारल्यासारखं व्हायचं.

घोडी म्हणजे तीन लोखंडी पायांची उंच तिपाई. ती बोअरच्या तोंडावर उभी करायची, शेंड्याला साखळीची कप्पी अडकवायची आणि खोल गेलेली मोटार पाइपांसकट वर ओढून काढायची. एक पाइप वर आला की त्याखालच्या पाइपाला क्लॅम्प आवळायचा, वरचा पान्ह्याने फिरवून सोडवायचा, बाजूला आडवा घालायचा, की पुन्हा साखळी. दुरुस्त झालेली मोटार खाली सोडताना हेच सगळं उलटं. काम दोघांचं. क्लॅम्प आवळणारा हात एका क्षणासाठी सैल पडला, तर मोटार, पाइप, केबल सगळं भोकात जातं आणि मग मालक बोअरच्या काठावर बसून कपाळाला हात लावतो.

घोडीवाल्याचा दुसरा हात म्हणजे त्याची मुलगी, बारकी. नाव बारकी, पण एव्हाना आईच्या डोक्याच्या वर गेली होती. शाळेत वरच्या वर्गात होती. सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या आधी ती बापाबरोबर जायची. सुतळीला लोखंडी नट बांधून तो बोअरमध्ये सोडायचा आणि पाणी कुठे लागतं ते बघायचं, हे तिचं काम. ती पोटावर पडून कान भोकाजवळ न्यायची. नट पाण्याला टेकल्याचा आवाज घोडीवाल्याला कधीच ऐकू येत नसे, तिला यायचा. 'लागलं,' ती म्हणायची. मग क्लॅम्पही तीच धरायची. दोघांमध्ये फारसं बोलणं होत नसे. 'घे', 'सोड', 'थांब', एवढ्यात सकाळ सरायची.

त्या वर्षी पाणी लवकर खाली गेलं, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेच्या बाई घरी आल्या.

बाई अंगणात स्टुलावर बसल्या. बारकीच्या आईने चहा ठेवला. घोडीवाला हात पुसत उभा राहिला. ग्रीस पुसलं जाईना म्हणून त्याने हात मागे घेतले.

"या वर्गाच्या मुलांनी एक हंगाम कुठेतरी काम शिकायचं आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी शाळा, दुपारपासून काम. कोणी दवाखान्यात जाईल, कोणी छापखान्यात. हिने मोटार वाइंडिंगचं दुकान मागितलं आहे."

"मागितलं?" घोडीवाल्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"बाई, मोटारीचंच शिकायचं तर ती माझ्याकडे शिकतेच की. तुम्ही तेच धरा."

"घरचं चालत नाही. घराबाहेर शिकायचं, असं ठरलं आहे."

"का? घरचा माणूस वाईट शिकवतो?"

"घरचा माणूस रागावतो आणि माफ करतो," बाई म्हणाल्या. "शिकायला दोन्हींचा उपयोग नसतो."

त्याने मागे घेतलेले हात पुन्हा पुसायला घेतले. बारकीची आई मात्र कप ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, पण यातून पुढे काय ते विचारा ना."

पुढचं बाईंनी सांगितलं. हंगाम पुरा झाला आणि दुकानाच्या मिस्त्रीने हिचा हात चांगला आहे असा शब्द दिला, तर तंत्रशाळेत विजेच्या वर्गाला तिला थेट घेतील. मिस्त्रीने शब्द दिला नाही, तर इतरांसारखी रांग.

"आणि इकडे माझा क्लॅम्प कोण धरेल?" घोडीवाला म्हणाला. हे तो बाईंना म्हणाला की बायकोला की आभाळाला, ते कळलं नाही.

"माझा भाऊ रिकामाच आहे," बारकीची आई म्हणाली.

बारकीचा मामा खरोखरच रिकामा होता. तो आला तो पायात नवे बूट घालून. पहिल्याच दिवशी त्याने घोडीला लांबून एक फेरी मारली. "दाजी, हे तर डोक्याचं काम आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते पाठीचं काम आहे असं त्याच्या लक्षात आलं. तो वाईट माणूस नव्हता. क्लॅम्प जिवाच्या कराराने धरायचा, पण सगळा वेळ बोलत राहायचा. आणि बोलणाऱ्याचं अर्धं बळ तोंडावाटे जातं असं घोडीवाल्याचं मत होतं.

बारकी बाजारातल्या दुकानात जाऊ लागली. पहिले काही दिवस झाडू, मग जुन्या तारा कापून काढणं, मग नव्या तारेची वेटोळी करणं. रात्री जेवताना ती तिथल्या गोष्टी सांगायची. मिस्त्री म्हातारा आहे, कमी बोलतो, शिट्टी वाजवतो. आणि त्याच्या दुकानाची एक रीत आहे: जो मोटार उघडेल त्यानेच ती का जळली ते मालकासमोर मोठ्याने सांगायचं. मालक टेबलाशी उभा राहतो, त्याला हवं ते विचारतो. तोवर तारेला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कोणी मध्ये बोलायचं नाही, मिस्त्रीनेसुद्धा.

"ही काय नाटकं?" मामा म्हणाला. "जळली ती जळली. मालकाला मोटार चालू हवी."

"मिस्त्री म्हणतात, तार कोणीही भरतो. कारण नाही कळलं तर तीच मोटार महिन्याने परत टेबलावर येते."

"आली तर दुकानाचं चांगलंच की!"

बारकी हसली. घोडीवाला हसला नाही. मुलगी 'मिस्त्री म्हणतात' असं म्हणाली की तो ताटातली भाकरी उगाच मोडत राहायचा. आजवर तिच्या तोंडी 'बाबा म्हणतात' असायचं.

ऊन चढत गेलं. लिंबांच्या बागेच्या काकूंनी निरोप पाठवला. या काकूंना सगळे बागवाल्या काकू म्हणत. नवरा गेल्यावर बाग त्यांनी एकटीने राखली होती. डोक्याला रुमाल, हातात कात्री, आणि जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार. बागेला फुलं लागली होती आणि बोअरचं पाणी तुटत तुटत येत होतं. म्हणून त्यांनी नवी मोटार आणली होती, आणि ती आहे त्याहून खोल सोडायची होती.

"बघ रे घोडीवाल्या," त्या म्हणाल्या. "या फुलांवर माझं वर्ष आहे. पाणी तुटलं तर ही दोन दिवसांत झडतील."

त्याने स्वतः सुतळी सोडली, स्वतः पोटावर पडला. आवाज आला नाही. सुतळी ढिली पडल्यावर समजलं. पाणी बरंच खाली होतं. त्याने हिशेब केला आणि जास्तीचे पाइप गाडीवरून उतरवून घेतले.

सकाळपासून दोघं साखळी ओढत होते. ऊन डोक्यावर आलं तशी लोखंडाला हात लावायची सोय राहिली नाही. मामाने रुमाल गुंडाळून क्लॅम्प धरला. एकेक पाइप खाली जात होता. शेवटचा पाइप राहिला आणि मामाची पाठ धरली. तो वाकलेला तसाच राहिला.

"दाजी, मला सरळ करा."

घोडीवाल्याने त्याला सरळ केलं, तसा तो झाडाच्या सावलीत आडवा झाला. घोडीवाल्याने शेवटच्या पाइपाकडे पाहिलं. एकट्याने तो बसवता आला असता का? आला असता, कदाचित. एक हात साखळीला, एक क्लॅम्पला. निसटली तर सगळंच गेलं. त्याच्या मनगटात कळ येत होती. मोटार पाण्यात आहे ना, तो मनाशी म्हणाला; आहे. मग पुरे.

काकू पलीकडच्या वाफ्यात होत्या. त्याने बोअरचं तोंड बंद केलं, केबल जोडली, बटण दाबलं. पाणी धो धो आलं. काकूंनी पदर भिजवून तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच त्याला बरं म्हणाल्या. उरलेला पाइप त्याने गाडीवर टाकून घरी आणला आणि भिंतीला लावून ठेवला.

संध्याकाळी बारकी आली. तिची नजर पाइपावर गेली.

"हा कुठला, बाबा?"

"काकूंकडचा. उरला."

"सुतळी किती गेली होती?"

त्याने सांगितलं. पाइपाच्या तोंडाला लागलेली माती तिने बोटाने काढली आणि आत गेली. घोडीवाल्याला तिचा उगाच राग आला.

पुढच्या आठवड्यात काकूंची मोटार बंद पडली.

त्याने आणि मामाने ती काढली. काकू काठावर उभ्या होत्या आणि एकेक पाइप वर येईल तसा त्यांचा आवाज चढत होता. मोटार बनवणारे चोर, विकणारा चोर, वीज सोडणारा वायरमन तर महाचोर. विजेच्या तीन तारांतली एक तार, एक फेज, मध्येच मारतो आणि दुपारी झोपतो. घोडीवाल्याचं नाव त्या यादीत आलं नाही. ते येत नाही म्हणून तो साखळी जास्तच जोरात ओढत होता. बागेत फुलं गळून पडलेली होती, चालताना पायाखाली येत होती.

मोटार गाडीवर घालून तो बाजारात आला. मागून काकू आल्या. दुकान अरुंद होतं. दारात जळालेल्या तारांचा ढीग, आत लाकडी टेबल, भिंतीला टांगलेली तारेची वेटोळी आणि जळलेल्या रोगणाचा घशात बसणारा वास. टेबलाशी उंच स्टुलावर बारकी होती. तिने बापाला पाहिलं आणि ती स्टुलावरून उतरली. घोडीवाल्याने आणि मामाने मोटार टेबलावर ठेवली. मिस्त्रीने चष्मा वर केला.

"पोरी, ही तू उघड," तो म्हणाला.

तिची ही पहिलीच मोटार. घोडीवाल्याच्या ते लक्षात आलं, कारण तिने हात आधी ओढणीला पुसले. त्याने जायला हवं होतं. गाडी रस्त्यात उभी होती, तेवढं निमित्त पुरलं असतं. पण पाय उचलेनात.

तिने बोल्ट काढले. घाई केली नाही. पंपाचा भाग वेगळा केला. आतले प्लास्टिकचे पंखे एकमेकांना चिकटून वितळले होते. मेणबत्तीचं मेण गोठावं तसे. तिने बुश, म्हणजे आसाभोवतीची कडी, काढून पाहिला. तो काळा पडला होता, झिजला होता. मग तिने तारा पाहिल्या. सगळीकडे सारखाच काळा रंग. विजेची एक तार मेली असती तर या तारांचा एक भाग स्वच्छ राहिला असता, हे घोडीवाल्यालासुद्धा माहीत होतं. इतक्या वर्षांत इतक्या मोटारी त्याने या टेबलावर ठेवल्या होत्या.

मिस्त्री शिट्टी वाजवायचा थांबला.

"सांग," काकू म्हणाल्या. "का जळली माझी मोटार?"

बारकीने बुश हातात फिरवला. तिने वर पाहिलं नाही, पण आपल्याकडे न पाहण्यासाठी ती किती जोर लावते आहे ते बापाला दिसत होतं. आणि त्या क्षणी त्याने, देवाशपथ, मनातल्या मनात तिला विनवलं. काय विनवलं ते त्याने शब्दात आणलं नाही.

"एक फेज गेला होता," ती म्हणाली. "विजेमुळे."

"बघा!" काकूंनी टेबलावर हात मारला. "मी काय म्हणत होते? आता जातेच त्या वायरमनकडे."

त्या गेल्या. रस्त्यापलीकडे विजेच्या ऑफिसच्या पायरीवर वायरमन डबा खात होता, त्यांनी त्याला तिथेच गाठलं. सगळा बाजार बघत होता. वायरमन घास हातात धरून उभा राहिला होता, आणि काकू बोलत होत्या.

दुकानात मिस्त्री इतकंच म्हणाला, "परवा मोटार न्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी घरीच होती. अंगणात बसून साखळीला तेल देत होती.

"दुकान?" घोडीवाल्याने विचारलं.

"मिस्त्री म्हणाले, येऊ नकोस."

"का?"

ती तेल देत राहिली. आई आतून बाहेर आली, दोघांकडे पाहिलं, आणि या घरात काहीतरी असं झालं आहे की जे आपल्याला कोणी सांगणार नाही, हे तिला कळलं.

"अहो, तुम्ही जाऊन विचारा तरी," ती म्हणाली. "शब्द नाही दिला तर पोरीचं काय?"

मामाला तेवढा आनंद झाला. "चला, बारकी आली. माझी पाठ सुटली."

मोटार आणायला घोडीवाला एकटा गेला. मिस्त्रीने ती बांधून ठेवली होती. दोघांनी मिळून ती गाडीवर चढवली. दोरी आवळताना मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाला, "या वेळी एक पाइप जास्त सोडा."

घोडीवाल्याचा हात दोरीवरच राहिला.

"तुम्हाला कळलं होतं."

"दिसतंच."

"मग काकूंसमोर बोलला का नाहीत?"

"उघडणाऱ्याच्या मध्ये मी बोलत नाही."

"मग तिला का काढलं? चूक माझी आहे. मला बोला. माझ्याकडे येणारी मोटार घेऊ नका. पोरीने काय केलं?"

मिस्त्रीने गाठ तपासली. "तुमच्यावर माझा राग नाही. माणूस थकतो, एखादा पाइप राहतो. मीही जोड उलटे लावलेत. पण तिने बघितलं आणि बघितलं नाही असं सांगितलं. उद्या हिचं ऐकून कोणी विजेच्या तारेला हात लावेल, तेव्हा?" तो थांबला. "हात चांगला आहे तिचा. म्हणूनच वाईट वाटलं."

"तिने बापासाठी केलं."

"हो," मिस्त्री म्हणाला. "सगळे कोणासाठी तरीच करतात."

बागेत त्या दिवशी, शाळेला सुट्टी म्हणून, बारकी बरोबर होती. तिने सुतळी सोडली, पोटावर पडली, 'लागलं' म्हणाली. पाणी आणखी खाली गेलं होतं. मग 'घे', 'सोड', 'थांब'. साखळी कशी हलकी चालत होती! मामाबरोबर जे काम सूर्य डोक्यावर येईपर्यंत रडत चालायचं, ते सावल्या लांब असतानाच उरकत आलं. मुलीचा हात क्लॅम्पवर पडला की घोडीवाल्याला पाहावंही लागत नव्हतं. असंच चाललं तर काय वाईट आहे, त्याला वाटत होतं. रांगेत लागेल, मिळाली जागा तर मिळाली. घरचं काम तर कुठे गेलं नाही. भिंतीला लावलेला पाइप त्याने शेवटी जोडला, तोही खाली गेला.

पाणी आलं. काकू वाफ्यात उभ्या राहून पाणी झाडांच्या बुंध्याशी पोहोचताना बघत राहिल्या.

"पोर तयार आहे रे तुझी," त्या म्हणाल्या. "हिला कशाला त्या दुकानात पाठवतोस? हात तर इथेच शोभतो."

बारकी दोरी गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. कोणी रागावलेलं माणूस मान वर करत नाही, तशी ती नव्हती. ज्याला आता काही म्हणायचंच उरलं नाही, तशी होती. तिच्या वयाच्या अंगावर ते शोभत नव्हतं. घोडीवाल्याने पान्हा गाडीत टाकला.

"काकू, वायरमनचा दोष नव्हता."

"अं?"

"मी एक पाइप कमी सोडला होता मागच्या वेळी. मेहुण्याची पाठ धरली आणि मी कंटाळलो. पाणी खाली गेलं, मोटार कोरडी चालली, जळली."

पाण्याचा आवाज होता, पण काकूंना ऐकू आलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग झाडांकडे. "अर्धी फुलं गेली माझी," त्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांची नजर बारकीवर गेली आणि आवाज फिरला. "आणि तू? तू मला तोंडावर सांगितलंस, फेज गेला! मी त्या माणसाला भर बाजारात, जेवताना..."

घोडीवाल्याने हे धरलंच नव्हतं. आपण आपलं ओझं उतरवलं की ते पोरीच्या डोक्यावर पडेल, हे त्याला सुचलं नव्हतं. तो मध्ये पडायला पुढे झाला.

"बाबा, थांबा," बारकी म्हणाली.

ती दोरी खाली ठेवून काकूंसमोर उभी राहिली. ओढणीला हात पुसले.

"पंखे वितळले होते, काकू. बुश जळला होता. सगळ्या तारा सारख्या काळ्या होत्या. मोटार पाण्याविना चालली की असं होतं. विजेचा काही संबंध नव्हता. मला दिसलं होतं. मी खोटं सांगितलं."

"का सांगितलंस?"

काकूंनी बापलेकीकडे आळीपाळीने पाहिलं, आणि उत्तर मागितलं नाही. "जा," त्या म्हणाल्या. "आज तोंड दाखवू नका मला." आणि चिखलात पाय टाकत आतल्या झाडांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी बारकी शाळेतून परस्पर दुकानात गेली. आधी ती विजेच्या ऑफिसच्या पायरीवर गेली होती, असं मामाने सांगितलं. वायरमन काय म्हणाला ते मामाला कळलं नव्हतं, कारण तो लांब उभा होता. मिस्त्रीने तिला आत घेतलं आणि हातात झाडू दिला. स्टूल नाही, टेबल नाही. पुन्हा झाडू, पुन्हा जुन्या तारा कापणं. शब्दाचं काय, ते त्याने काढलं नाही, तिने विचारलं नाही.

काकूंनी गोष्ट पोटात ठेवली नाही. ठेवावी असं त्यांना कोणी म्हटलंही नव्हतं. आता घोडीवाला कुठेही गेला की मालक शेजारी येऊन उभा राहायचा. सुतळी दाखव म्हणायचा, पाइप मोजून घ्यायचा. दोघांनी तर कामच दुसरीकडे दिलं. घोडीवाला आपणहून सुतळी मालकाच्या हातात द्यायचा. मामाची पाठही या काळात बरीचशी तयार झाली, आणि कामाच्या वेळी तो जरा कमी बोलू लागला. निदान क्लॅम्प हातात असताना.

हंगाम सरत आला तेव्हा कुंपणांच्या तारा बनवणाऱ्याची मोटार बंद पडली. ती घोडीवाल्यानेच सोडली होती, पाणी मोजून, मालक शेजारी उभा असताना. तो आणि मामा ती घेऊन दुकानात आले. मालक मागोमाग आला. बारकी कोपऱ्यात तारा कापत बसली होती. मिस्त्रीने मोटारीकडे पाहिलं, घोडीवाल्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, ये. उघड."

ती उठली. या वेळी पाइप पुरे होते, तरी घोडीवाल्याला भीती वाटत होती. काहीतरी राहिलेलं असतंच, असं आता त्याला वाटे.

"पाइप कोणी सोडले?" तिने विचारलं.

"मी."

"मोटारीच्या वर पाणी किती होतं?"

त्याने सांगितलं. मालकाने मान हलवली. ती खाली वाकली. पंखे फिरवले, मोकळे फिरत होते. बुश पाहिला, तारा पाहिल्या, स्वच्छ. मग तिने केबल हातात घेतली आणि मोटारीपासून मागे मागे जात जोडापर्यंत आली. तिथे तिचं बोट थांबलं. टेपचा पदर सुटला होता, आत हिरवा गंज होता. तिने बोट तसंच ठेवलं आणि एकदा, एकदाच, बापाकडे पाहिलं.

"बघ नीट," घोडीवाला म्हणाला. "आणि सांग."

मिस्त्रीने भुवई उंचावली. मध्ये बोलायचं नाही अशी रीत होती. पण त्याने ते चालू दिलं.

"मोटार जळलेली नाही," बारकी मालकाला म्हणाली. आवाज सगळ्या दुकानाला जाईल एवढा होता. "वाइंडिंगची गरज नाही. केबलचा जोड कच्चा बांधला आहे. त्यात पाणी शिरलं."

"म्हणजे इथे काही कामच नाही?" मालक आनंदाने म्हणाला, आणि मग लगेच घोडीवाल्याकडे वळला. "जोड कोणी बांधला होता?"

मामाने छताकडे पाहिलं. तारेच्या वेटोळ्यांमध्ये त्याला एकदम काहीतरी महत्त्वाचं दिसलं असावं.

"माझ्याच कामातला," घोडीवाला म्हणाला. "आत्ता करून देतो."

तो केबल घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला. येणारेजाणारे बघत होते. बाजारात सगळ्यांना माहीत असतं की पायरीवर बसून कोण काय निस्तरतो आहे. त्याने जुना टेप सोलून काढला, तार घासली, नवा टेप गुंडाळायला घेतला. सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. बारकी शेजारी उभी होती.

"आधी रबर, बाबा," ती म्हणाली. "मग टेप. आणि प्रत्येक पदर अर्धा मागच्यावर."

"मला माहीत आहे."

"मग तसं करा."

आतून मिस्त्रीची शिट्टी ऐकू येत होती. मग त्याने पायरीवर बाजूला सरकून जागा केली आणि केबल तिच्या मांडीवर ठेवली.

"तू बांध," तो म्हणाला. "मी बघतो."